परवाची तारीख

"चालत नाही."

या दोन शब्दांनी माझी दहा वर्षं खाल्ली आहेत. काय चालत नाही, कुठे चालत नाही, चालायचं थांबलं तेव्हा तुम्ही नेमकं काय करत होतात, यातलं काहीएक न सांगता माणसं हे दोन शब्द लिहितात, पुढे तीन उद्गारचिन्हं ठोकतात आणि निर्धास्त जेवायला जातात. मी एका छोट्या कंपनीत सॉफ्टवेअर लिहितो. नऊ माणसं, दोन खोल्या आणि एक पंखा, जो खरंच चालत नाही. दवाखान्यांना लागणारी बारीकसारीक सॉफ्टवेअरं आम्ही करतो: खाटांची नोंद, औषधांचा साठा, बाटल्यांवरची लेबलं. लिहितो मी आणि तक्रारीही मीच वाचतो, कारण बाकीच्यांकडे कॉलेजची पदवी आहे आणि माझ्याकडे नाही. मी हे काम चुलतभावाच्या दुकानामागच्या खोलीत, एका मोडीत निघालेल्या कॉम्प्युटरवर, स्वतःच्या हिमतीवर शिकलो. ज्याला कोणी शिकवलेलं नसतं त्याला एक रोग जडतो. आपल्यासारखं डोकं जगात दुसऱ्या कोणाला नाही असं त्याला वाटायला लागतं. मला तो कडकडून जडला होता.

तक्रारी कशा असायच्या? "स्क्रीन विचित्र दिसते." विचित्र म्हणजे? "काल चांगलं होतं." काल मीही चांगला होतो. आणि सगळ्यांचा लाडका शब्द, "आपोआप". मी काही केलं नाही, आपोआप झालं. हा शब्द माझा खास वैरी. जगात आपोआप काही होत नाही, केस पांढरे व्हायलाही कारण लागतं. आमचे बाबा याच पठडीतले. डॉक्टरांनी विचारलं, कुठे दुखतं, तर म्हणाले, आतून. कधीपासून, तर म्हणाले, झाले की बरेच दिवस. डॉक्टर माझ्याकडे असे बघायला लागले की जणू बाबांना मीच लिहिलंय.

असल्या शेंडा ना बुडखा तक्रारींवर माझ्याकडे एक रामबाण उत्तर होतं: "आमच्याकडे असं होत नाही." हे वाक्य मी एका बटणावर बसवून ठेवलं होतं. बटण दाबलं की उत्तर जायचं आणि तक्रार बंद व्हायची. यात मला लाज वाटत नसे. उलट संध्याकाळी बंद केलेल्या तक्रारींचा आकडा बघून बरं वाटायचं. मालकांनाही बरं वाटायचं.

त्यातच एकदा एक तक्रार आली. एका दवाखान्याच्या दूधखोलीतून. त्या दवाखान्यात कमी दिवसांच्या बाळांचा मोठा विभाग आहे. ज्या आयांना दूध जास्त येतं त्या ते देतात, आणि ते तापवून, थंड करून, गोठवून ठेवलं जातं. ज्या बाळाच्या आईला दूध येत नाही किंवा ज्याची आई अजून शुद्धीवर नाही, त्याला ते देतात. गोठलेलं दूध एकदा विरघळवलं की चोवीस तासांत संपवायचं, नाहीतर फेकायचं. म्हणून प्रत्येक बाटलीवर लेबल लागतं, आणि त्यावर "या तारखेपर्यंत वापरा" असं छापलेलं असतं. म्हणजे कायम उद्याची तारीख. ते लेबल छापणारं सॉफ्टवेअर माझं.

तक्रारीत एकच ओळ होती: "कधी कधी लेबलवर परवाची तारीख येते, कृपया बघावे."

मी वाचलं आणि मनात म्हटलं, म्हणजे उलटून गेलेली तारीख. जुनं लेबल कुठेतरी अडकून राहत असणार. उलटलेली तारीख दिसली तर बाटली फेकली जाईल, थोडं दूध वाया जाईल, कोणाचं वाईट होणार नाही. मी आमच्या कॉम्प्युटरवर दहा-बारा लेबलं काढून बघितली. सगळी बरोबर. बटण दाबलं: "आमच्याकडे असं होत नाही." वर पदरची एक ओळ जोडली, की जुनी तारीख दिसल्यास प्रिंटर बंद करून चालू करावा. तक्रार दहा वाजून बारा मिनिटांनी उघडली होती, सोळाला बंद केली. चार मिनिटं. त्यातलं एक मिनिट चहा ओतण्यात गेलं.

दोन महिन्यांनी, एका बुधवारी, मालकांनी मला त्यांच्या खोलीत बोलावलं. मालक कधी ओरडत नाहीत, आणि त्यांची भीती वाटते ती त्यामुळेच. ते म्हणाले, त्या दवाखान्यात एक प्रकार झालाय. एका बाळाच्या पेटीपाशी दुधाची बाटली सापडली. विरघळवल्याला तीस तास होऊन गेले होते आणि लेबलवर मात्र अजून अठरा तास बाकी दिसत होते. पाजण्याआधी एका सिस्टरने बाटली हलवून बघितली, तिला वास वेगळा वाटला, म्हणून निभावलं. ते बाळ केवढं होतं हे मालकांनी हाताने दाखवलं. मनगटापासून बोटांच्या टोकापर्यंत.

आता दूधखोली सांभाळणाऱ्या मावशीची चौकशी लागली होती. माझ्या सॉफ्टवेअरमध्ये तारीख हाताने बदलायचं एक बटण आहे, आणि कोणी कधी बदलली याची नोंद ते ठेवत नाही, कारण ती ठेवायचा मी कंटाळा केला होता. दवाखान्याच्या व्यवस्थापकांचं म्हणणं असं की दूध कमी पडतं, फेकायला जीव होत नाही, म्हणून या बाईने हाताने एक दिवस वाढवला. मावशी म्हणत होती की मशीन असं करतं आणि मी कंपनीला कळवलं होतं. व्यवस्थापक म्हणत होते की कंपनीने तेव्हाच कळवलंय, आमच्याकडे असं होत नाही. शुक्रवारी अकरा वाजता चौकशी. कंपनीने लेखी द्यायचं होतं की दोष सॉफ्टवेअरचा आहे की नाही. नसेल तर मावशी कामावरून जाणार होती, आणि जाताना हा डाग घेऊन जाणार होती की बाळांना शिळं दूध पाजणारी ती हीच.

मालक म्हणाले, "तू तेव्हाच तपासलं होतंस ना? मग चार ओळी लिहून टाक."

मी लिहिल्या. "सदर सॉफ्टवेअर आपोआप तारीख बदलत नाही. तारीख हाताने बदलली गेली असण्याची शक्यता आहे." लिहिताना माझं लक्षही गेलं नाही की आपोआप हा शब्द मीच वापरलाय. पत्र पाठवायचं राहिलं, कारण मालकांना ते उद्या सकाळी एकदा वाचायचं होतं. एवढ्यावर हे सगळं टिकलं.

गुरुवारी सकाळी मी चहा घेत बसलो होतो. बाबा समोर वर्तमानपत्रात डोकं घालून. आई आतून म्हणाली, "आत्या परवा, लक्षात आहे ना?"

मी म्हणालो, "आणि मला कोणी सांगितलंसुद्धा नाही. भेटलो नसतो का?"

बाबा पेपर खाली न करता म्हणाले, "गाढवा, ती यायची आहे अजून."

आई हसली. मी पण हसणार होतो, पण घोट तोंडातच राहिला. आपल्या भाषेतला परवा मागेही असतो आणि पुढेही असतो. वाक्याला क्रियापद असेल तर कळतं, नसेल तर ऐकणाऱ्याने आपल्या सोयीने घ्यायचं. "लेबलवर परवाची तारीख येते." मी सोयीने घेतलं होतं. मागचा परवा म्हणजे बाटली फेकली जाते, आणि पुढचा परवा म्हणजे बाटली पाजली जाते. तिने मला पुढचा सांगितला होता. दोन महिन्यांपूर्वी, स्पष्ट मराठीत.

बाबांनी विचारलं, काय रे, भाजलं का. मी म्हटलं, हो. कुठे, म्हणाले. मी म्हटलं, आतून.

ऑफिसला न जाता मी दवाखान्यात गेलो.

दूधखोली बाळांच्या विभागाला लागून आहे. मध्ये काच. काचेपलीकडे पारदर्शक पेट्यांची रांग, आणि प्रत्येक पेटीत मूठभर जीव, नळ्यांमध्ये हरवलेला. अलीकडे ही खोली, आठ पावलं लांब आणि पाच रुंद. दोन उभे फ्रीज, दूध तापवायचं एक यंत्र, खोल बेसिन, उलट्या घालून ठेवलेल्या बाटल्या, आणि कोपऱ्यातल्या टेबलावर माझं सॉफ्टवेअर नि तो प्रिंटर. प्रिंटरच्या वर भिंतीला कागद चिकटवलेला: "रोल बदलला की पहिलं लेबल वाचल्याशिवाय बाटली देऊ नये." अक्षर मोठं, सरळ, घाई नसलेलं.

मावशी साधारण पन्नाशीची. बुटकी. केस टोपीत कोंबलेले आणि हाताची कातडी सतत धुऊन धुऊन पांढरी पडलेली. मी कोण ते सांगितलं. तिने मला पायापासून वर बघितलं.

"तुम्हीच का ते 'आमच्याकडे असं होत नाही'?"

मी मान हलवली. ती म्हणाली, हात धुवा. मी धुतले. म्हणाली, कोपरापर्यंत. मी कोपरापर्यंत धुतले. तिथे माझी पदवी नसण्याशी कोणाला काही देणंघेणं नव्हतं, आणि माझ्या डोक्याशीही नव्हतं.

मी खरं ते सांगितलं. तुम्ही परवा लिहिलंत, मी उलटून गेलेला परवा समजलो. ती म्हणाली, माहीत आहे. आणि फ्रीजच्या वरून एक जाड वही काढून तिने माझ्यापुढे ठेवली. पहिल्या पानावर, सगळ्यात वर, लिहिलं होतं: "माझी चूक. परवा असं लिहिलं. तारीख लिहायला हवी होती. कंपनीचं उत्तर आलं की जुनी तारीख दिसल्यास वगैरे, म्हणजे त्यांना उलटं कळलं. यापुढे काल, उद्या, परवा लिहायचं नाही."

माझ्या दीड ओळीच्या उर्मट उत्तरातून तिने हे ओळखलं होतं की मी कुठे घसरलो. मी दहा वर्षं तक्रारी वाचतोय. माणूस चुकीचं का लिहितो हे मी आजवर एकदाही शोधलं नव्हतं.

मी विचारलं, मग लगेच पुन्हा का नाही कळवलंत. ती म्हणाली, अर्धवट सांगितलं असतं तर तुम्ही पुन्हा बंद केलं असतंत. तोवर ती प्रत्येक लेबल स्वतः वाचत होती. त्या एका दिवशी रोल बदलून ती हात धुवायला वळली आणि तेवढ्यात एक सिस्टर घाईने बाटली घेऊन गेली. ती म्हणाली, "ती बाटली माझ्या खोलीतून गेली. ते मी नाकारत नाही. तारीख मी वाढवली नाही, एवढंच."

मी वही वाचायला लागलो, आणि उभाच राहिलो. बसायचं सुचलंच नाही.

प्रत्येक पानावर चार मथळे. काय केलं. काय दिसलं. काय दिसायला हवं होतं. आणि चौथा: काय माहीत नाही. प्रत्येक नोंदीला तारीख, वेळ, बाटलीचा क्रमांक, आणि शेजारी ते चुकीचं लेबल चिकटवलेलं. विशेषण एकही नाही. कुठे "विचित्र" नाही, "नेहमी" नाही, "अचानक" नाही. आपोआप हा शब्द मी सगळ्या वहीत शोधला. नव्हता.

सुरुवातीच्या पानांवर तिचे अंदाज होते आणि ते तिने स्वतःच खोडले होते. "वाटलं, सोमवारी होतं. चार सोमवार बघितले. तीनदा झालं नाही. खोडलं." "वाटलं, ओल्या हाताने कळ दाबल्यावर होतं. मुद्दाम ओल्या हाताने नऊ लेबलं काढली. सगळी बरोबर. खोडलं." "वाटलं, दुपारी फ्रीजचं यंत्र सुरू होताना होतं. पाच वेळा बघितलं. नाही. खोडलं." मला माझा एक सहकारी आठवला, पदवीवाला, जो आपला अंदाज खोटा ठरला की टेबलावर हात आपटतो. ही बाई आपला अंदाज खोटा ठरला की एक सरळ रेघ मारत होती, आणि रेघेखाली वाचता येईल इतपत तो ठेवत होती.

मग सहाव्या आठवड्यात एक पान: "आजवरची चारही चुकीची लेबलं रोल बदलल्यानंतरची पहिली लेबलं आहेत."

आता लेबलांचा रोल काही रोज संपत नाही. आठ-नऊ दिवसांतून एकदा. म्हणजे तपासायला आठ-नऊ दिवस थांबायचं. तिने थांबणं नाकारलं. प्रत्येक विभागात रोलच्या तळाशी शेवटची दोन-चार लेबलं पुठ्ठ्याला चिकटून राहतात आणि ती फेकली जातात. तिने ती सगळ्या मजल्यांवरून गोळा करून आणली. फ्रीजवर एक डबा होता, त्यात ते तुकडे. दोन लेबलांचे, तीन लेबलांचे बुटके रोल. बाटल्यांत दूध नाही, पाणी, आणि प्रत्येक बाटलीवर पेनाने ठळक लिहिलेलं: पाणी. एकही बाटली काचेपलीकडे चुकून जाऊ नये म्हणून. रोल हवा तेव्हा संपवायचा आणि बघायचं. आठ दिवसांची वाट तिने दहा मिनिटांवर आणून ठेवली होती.

मी याला काय म्हणतात ते पुस्तकातून वाचलेलं आहे. मोठमोठ्या प्रयोगशाळांत मोठमोठी माणसं हे करतात आणि त्याचं त्यांना फार कौतुक असतं. इथे बेसिनशेजारी, दोन तापवण्यांच्या मधल्या वेळात, ते होऊन गेलं होतं आणि त्यावर वहीत एक ओळ होती: "दोन लेबलांचा रोल केला."

मी म्हणालो, मला करून दाखवाल का?

त्या दिवशी तेरा तारीख होती. म्हणजे लेबलवर चौदा यायला हवी. तिने दोन लेबलांचा तुकडा प्रिंटरमध्ये बसवला, पाण्याच्या तीन बाटल्या मांडल्या आणि तीन लेबलं मागितली. पहिलं आलं, चौदा. दुसरं आलं, चौदा. रोल संपला, लाल दिवा लागला, तिसरं अडकलं. मला वाटलं, आता ती नवा रोल घालेल आणि पंधरा येईल. वहीतल्या सगळ्या लेबलांवर तसंच होतं.

तिने नवा रोल घातला नाही. रिकामा पुठ्ठा घातला आणि झाकण लावलं. प्रिंटरने एकदा घरघर केली, कागद नाही असं त्याला कळलं, पुन्हा लाल दिवा. तिने झाकण उघडलं, तोच पुठ्ठा पुन्हा घातला, झाकण लावलं. पुन्हा लाल. मग तिने खरा रोल हातात घेतला आणि माझ्याकडे वळून बघितलं. बोलता बोलता ती मला अरेतुरे करायला लागली होती, ते मला आत्ता लिहिताना लक्षात येतंय.

"आता बघ. तेरवाही नाही, त्याच्याही पुढची येईल. सतरा."

रोल आत गेला. झाकण लागलं. लेबल बाहेर आलं. सतरा.

माझ्या अंगावर काटा आला. हे वाक्य मी एरवी लिहीत नाही, लोक ते फार स्वस्तात वापरतात. पण आला. लहानपणी मी पहिल्यांदा त्या मोडक्या कॉम्प्युटरकडून दोन आकड्यांची बेरीज करून घेतली होती आणि त्याने बरोबर उत्तर दिलं होतं, तेव्हा आला होता. त्यानंतर इतक्या वर्षांनी आत्ता. जे अजून झालेलं नाही ते तिने आकड्यासकट सांगितलं होतं. माझ्या सॉफ्टवेअरच्या आत काय लिहिलंय ते तिने कधी बघितलं नव्हतं, बघितलं असतं तरी तिला ते वाचता आलं नसतं. आणि तरी ती बाहेरून, फक्त कागद संपवून संपवून, माझ्या एका ओळीवर बोट ठेवून उभी होती.

मी तिथेच स्टुलावर लॅपटॉप उघडला. पाच मिनिटंही लागली नाहीत. कागद संपला की माझं सॉफ्टवेअर अडकलेलं लेबल बाजूला ठेवत होतं, आणि झाकण लागलं की ते नवं लेबल समजून पुन्हा हातात घेत होतं. नवं लेबल म्हटलं की तारखेत एक दिवस मिळवायचा. आधीच उद्याची असलेली तारीख परवाची व्हायची. जितक्या वेळा अडकेल तितके दिवस वाढायचे. आमच्या ऑफिसात हे कधीच झालं नाही, कारण आमच्या ऑफिसात लेबलांचा प्रिंटरच नाही. आम्ही लेबलं पडद्यावर बघतो, आणि पडद्यावरचा कागद कधी संपत नाही. आमच्याकडे असं होत नाही, हे माझं वाक्य शंभर टक्के खरं होतं. तेवढंच निरुपयोगी.

तिने विचारलं, सापडलं का. मी सापडलं म्हणालो. कोणाचं आहे, तिने विचारलं. मी म्हणालो, माझं. पाण्याच्या बाटल्या रिकाम्या करून तिने पालथ्या घातल्या.

मग मी विचारलं की हे असं लिहायला कुठे शिकलात. तिने काचेकडे बोट केलं. ती नवीन लागली तेव्हा तिला बाळांच्या नोंदी करायला बसवलं होतं. पहिल्याच दिवशी तिने लिहिलं, बाळ नीट पीत नाही. तेव्हा आत्ताच्या मोठ्या सिस्टर तरुण होत्या. त्यांनी ते पान टरकावलं आणि विचारलं, नीट म्हणजे काय? किती प्यायलं ते लिही. किती वेळात, मध्ये कितीदा थांबलं, ओठ कसे दिसले. तुझं मत कोणी विचारलेलं नाही.

"बाळाला बोलता येत नाही," मावशी म्हणाली. "त्याच्या वतीने आपण लिहायचं असतं. त्यात आपलं घुसडायचं नाही. तुझं हे मशीनही तसंच. रडतं, पण का ते सांगत नाही."

मी काचेतून बघितलं. एका पेटीपाशी एक सिस्टर वाकून काहीतरी बघत होती आणि लिहीत होती. पुन्हा बघत होती, पुन्हा लिहीत होती. त्या एवढ्याशा जीवाने काही मागितलं नव्हतं, त्याला मागता येतच नव्हतं, आणि तरी त्याला काय हवंय ते त्या कागदावर थेंबाथेंबाने उतरत होतं. तेवीस वर्षं ही बाई तिथे हेच करत होती. मी तिला चार मिनिटं दिली होती.

वहीचं शेवटचं पान मी सगळ्यात शेवटी वाचलं. चौथ्या मथळ्याखाली, काय माहीत नाही, तिथे लिहिलं होतं: "ही वही सुरू करायच्या आधी अशा किती बाटल्या गेल्या, ते मला माहीत नाही." दुसऱ्या कोणी हे लिहिलं नसतं. चौकशी अंगावर असताना तर नाहीच. मालकांनी ते वाचलं असतं तर म्हणाले असते, ही ओळ काढून टाका. मी मनातल्या मनात तेच म्हणालो, आणि मग माझीच मला शरम वाटली.

ऑफिसात जाऊन मी कालचं पत्र फाडलं. मालकांना सांगितलं, दोष आपला आहे. मालक गोड आवाजात म्हणाले की असं लेखी दिलं तर हा दवाखाना जाईल, बाकीचेही बिचकतील. दोष गुपचूप दुरुस्त करू, आणि पत्रात काहीतरी मोघम लिहू. मी म्हणालो, मोघमच लिहायचं तर मग लोकांच्या "चालत नाही"वर आपण दात का काढतो? चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची असेल तर सही तुम्ही करा, मी करणार नाही. सही माझीच लागणार होती, कारण ती ओळ काय करते ते माझ्याशिवाय कोणाला वाचता येत नव्हतं. स्वतःच्या हिमतीवर शिकल्याचा तेवढा एक उपयोग झाला.

पत्र मी तिच्याच चार मथळ्यांत लिहिलं. काय केलं: तक्रार आली ती चार मिनिटांत बंद केली, छापायचा कागद संपला तर काय होतं हे कधी तपासलं नाही. काय दिसलं: रोल संपल्यावर अडकलेल्या लेबलची तारीख दर वेळी एक दिवस पुढे जाते. काय दिसायला हवं होतं: तारीख जागची हलायला नको होती. काय माहीत नाही: तिच्या वहीतली ओळ मी तशीच उचलली, आणि खाली माझी एक घातली. "इतर दवाखान्यांत अशी किती लेबलं गेली असतील, मला माहीत नाही. आज सगळ्यांना कळवत आहोत." तो "आज" मी खोडला आणि तारीख लिहिली.

मी सही केल्यावर मालक "आहोत"वर बोट ठेवून एवढंच म्हणाले, आता कळवावंच लागेल. आणि फोन घेऊन बसले.

शुक्रवारी अकराला चौकशी झाली. लांब टेबलापलीकडे व्यवस्थापक, शेजारी मोठ्या सिस्टर. मावशी भिंतीकडच्या खुर्चीवर, वही मांडीवर. माझं पत्र वाचून झालं. व्यवस्थापकांनी तरी विचारलं की हे कशावरून, या बाईच्या सांगण्यावरून का? तेव्हा मोठ्या सिस्टरांनी वही मागून घेतली. त्यांनी एक पान वाचलं, दुसरं वाचलं, खोडलेल्या रेघांवरून बोट फिरवलं. मग त्यांनी वही मिटली आणि त्या म्हणाल्या, "सांगणं नाही हे. ही नोंद आहे." मावशीला त्याच दिवशी कामावर परत जायला सांगितलं, आणि ती लगेच उठली, कारण साडेअकराची तापवणी राहिली होती. दारात मला म्हणाली, दुरुस्त केल्यावर तू एकदा ये, मी पाण्याने बघितल्याशिवाय दूध लावणार नाही.

मी गेलो. तिने रिकामा पुठ्ठा सहा वेळा घातला. सहाही वेळा तारीख जागच्या जागी राहिली. तिने वहीत लिहिलं, सहा वेळा, आणि पुढे चौथ्या मथळ्याखाली: "वीज गेली तर काय होतं ते माहीत नाही." मी परत येऊन वीज गेली तर काय होतं ते तपासलं. न विचारता. तिथेही एक गडबड निघाली.

मालक आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. इतकी निवांत सुट्टी मला पूर्वी मिळाली नव्हती. त्या आठवड्यात मी ते बटण काढून टाकलं आणि त्याने बंद केलेल्या तक्रारींची यादी उघडली. अकराशे चौतीस. सगळ्यात जुनी सगळ्यात वर. एका दवाखान्याच्या औषधखोलीतून आलेली, तीन वर्षांपूर्वीची. दोन शब्द आणि तीन उद्गारचिन्हं.

मी फोन लावला. पलीकडे एक म्हातारा आवाज आला, वैतागलेला. मी कोण ते सांगितलं, तारीख सांगितली आणि म्हणालो, तुम्ही लिहिलं होतंत की चालत नाही. ते थांबण्याच्या अगदी आधी तुम्ही काय केलं होतंत?

ते म्हणाले, मी कुठे काय केलं, ते आपोआप.

पूर्वी मी इथे फोन ठेवला असता. मी कोरं पान पुढे ओढलं, वर चार मथळे लिहिले आणि म्हटलं, हातात काय होतं तुमच्या, एवढंच आठवा.

मग ते म्हणाले, थांबा हां, आठवतो.

मी थांबलो.